पद्मिनीचा हँडल गिअर ढिला झालाय: लिंकेज कुठं मिळेल, बसवायचं कसं? (नाशिक)

उपनगरची पद्मिनी, नाशिकरोड

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगवर हँडल गिअर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९९१ साली सेकंडहँड घेतली. ते इथल्या प्रेसमध्ये होते. मी गाडी शिकले ती याच पद्मिनीवर, आणि हँडल गिअरवर शिकल्यामुळे पुढं कुठलीच गाडी अवघड वाटली नाही. अण्णा आता एक्क्याऐंशीचे आहेत, चालवणं बंद केलंय. पण रविवारी सकाळी मी स्टार्टर मारला की चहाचा कप हातात घेऊन अंगणात येतात आणि इंजिन ऐकत उभे राहतात.

अडचण गिअरची आहे. दोनेक वर्षांपासून हँडल ढिलं पडत चाललंय. न्यूट्रलमध्ये सोडलं तर आधी जिथं उभं राहायचं तिथून ते चार बोटं खाली येऊन लोंबतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना शोधत बसावं लागतं. घोटीकडून येताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की चौथा आपोआप निसटतो, म्हणून मी तो हातानं धरून ठेवते. पहिला कधी पडतो, कधी नुसता खर्रर्र आवाज येतो.

गेल्या महिन्यात द्वारका चौकात संध्याकाळी सात वाजता गिअर पूर्ण अडकला. हँडल वर जाईना, खाली जाईना. मागं बसची रांग लागली. बाजूच्या रिक्षातून एक वयस्कर गृहस्थ उतरले. मला म्हणाले, "बॉनेट उघडा, क्लच दाबून ठेवा." त्यांनी स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी हात घातला, स्क्रू ड्रायव्हरनं काहीतरी सरकवलं आणि गिअर सुटला. पूर्वी मुंबईला टॅक्सी चालवायचे म्हणाले. आभार मानेपर्यंत त्यांची रिक्षा निघूनही गेली.

त्यानंतर गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथं सांगितलं, गिअरबॉक्स गेलाय, खोलावा लागेल, आणि खोलतोच आहोत तर फ्लोअर गिअर करून टाकू, या लिंकेजचं, म्हणजे हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांचं, सामान आता मिळत नाही. द्वारकेजवळच्या चार स्पेअरच्या दुकानांत मी स्वतः विचारलं. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्यानं दांड्यांच्या सांध्यांत बसणाऱ्या रबर बुशांचं एक किट दिलं, साडेआठशे रुपये. ते बसवून घेतलं, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. काढून पाहिलं तर बुश फुगून मऊ पडले होते, नखानं तुकडा निघाला.

फ्लोअर गिअर मला करायचा नाही. कारण सांगते. आमच्या गाडीला पुढं सलग बाकासारखी सीट आहे. अण्णा चालवायचे, आई मधे बसायची आणि मी खिडकीशी. त्र्यंबकला, वणीला, मामाच्या लग्नाला सिन्नरला, सगळीकडे असेच गेलो. गिअरचा दांडा खालून वर आणला तर ती मधली जागा जाते. आई आता नाही, पण माझा मुलगा तिथंच बसतो. अण्णांना मी फ्लोअर गिअरचं विचारलं, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, नुसते आत निघून गेले.

तर विचारायचं असं की खरंच गिअरबॉक्स गेला असेल का? लिंकेजचं सामान कुठं मिळेल? आणि मिळालं तर घरी बसवता येईल का? पाने-स्क्रू ड्रायव्हर बऱ्यापैकी आहेत, मेहनतीची तयारी आहे.

सिडकोकर

ताई, तुमच्या भावना समजल्या, पण अनुभवानं सांगतो, फ्लोअर करून घ्या. माझ्या काकांच्या पद्मिनीला आम्ही केला. शेवटच्या काळात कंपनीच्याच काही पद्मिनींना फ्लोअर गिअर यायचा, त्यामुळे ते अगदीच उपरं दिसत नाही. दांडा थेट बॉक्सवर बसतो, मधले रॉड, बुश, पिना सगळं जातं, म्हणजे झिजायला काही उरतच नाही. रोज वापरायची गाडी असेल तर चौकात अडकून पडण्यापेक्षा हे बरं. गाडी रस्त्यावर चालती राहिली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

लेथवाले काका, सातपूर

ताई, मी एकतीस वर्षं सातपूरला लेथवर काढली आणि त्याआधी चार वर्षं मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये हेल्पर होतो. तिथं दिवसाला एखादा तरी हँडल गिअर हाताखालून जायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. बॉक्स खोलायला देऊ नका. तो गेलाय की नाही हे अर्ध्या तासात फुकट कळतं. गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून विटा लावा. हे विसरू नका, कारण रॉड सुटले की गाडी गिअरमध्ये टाकून थांबवता येत नाही. मग खाली जाऊन गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून दोन्ही रॉड सोडा आणि त्या लिव्हर हातानं हलवा. एक लिव्हर लाइन, म्हणजे गिअरची जोडी, निवडते, दुसरी गिअर टाकते. प्रत्येक गिअर 'टक' करून पडत असेल, मधे खडखड नसेल आणि पडलेला गिअर स्वतःहून सैल होत नसेल, तर बॉक्स बहुतेक शाबूत आहे आणि दुखणं वरच्या दांड्यांत आहे. पहिला गिअर चालत्या गाडीत कुरकुरतो म्हणून घाबरू नका. पद्मिनीच्या पहिल्याला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअरचा वेग जुळवणारी योजना) नाही, तो थांबूनच टाकायचा.

द्वारकेला काय झालं तेही सांगतो. लोक म्हणतात दोन गिअर एकदम पडले. तसं होत नसतं. बॉक्समध्ये इंटरलॉक असतो, एक दांडी सरकली की दुसरीला तो अडवतो. होतं असं की लाइन बदलणारं बोट (बोटासारखा लोखंडी तुकडा) एका खाचेतून पूर्ण बाहेर येत नाही आणि दुसऱ्या खाचेत पूर्ण जात नाही. दोन्हींच्या मधे अडकलं की इंटरलॉक दोन्हींना धरून ठेवतो. त्या रिक्षावाल्या गृहस्थांनी बुडाशी ते बोट हातानं एका बाजूला ढकललं, इतकंच. म्हणजे तुमचा सिलेक्शनचा रॉड, तो लाइन निवडणारा, पूर्ण प्रवास करत नाहीये.

आता दुसरं, आणि हे नीट वाचा. न्यूट्रलमध्ये हँडल किती लोंबतं ते मोजू नका, तिथं थोडी मोकळीक असायचीच. इंजिन बंद, तिसरा गिअर टाका, आणि मग मूठ वर-खाली किती हलते ते पट्टीनं मोजून सांगा. त्याचबरोबर हँडलची लांबी, म्हणजे दांड्याच्या मध्यापासून मुठीपर्यंत, आणि बुडाच्या लिव्हरची लांबी, दांड्याच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. हे तीन आकडे आले की पुढचं बोलू. घाई करून सामान घेऊ नका.

देवळालीची मार्क थ्री

सामानाबद्दल मी लिहितो. माझ्याकडे अँबॅसॅडर मार्क थ्री आहे, १९७७ ची, तिलाही हँडल गिअर, त्यामुळे ही फिरफिर मी केली आहे.

नाशकात तयार लिंकेज मिळणं कठीण. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात चक्कर मारली की काहीतरी हाती लागायचं. तो बाजार महापालिकेनं २०१७ साली हटवला, त्यानंतर जुन्या गाड्यांचं सामान विखुरलं. आता खात्रीची दोन ठिकाणं. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला. पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची आणि काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे तिचा भंगारही तिथंच साचला. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे भंगारात टॅक्सी यायची ती आता थांबली. जे पडून आहे तेवढंच आहे. लागणारं सामान असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका.

मात्र टॅक्सीचं लिंकेज घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. टॅक्सीवाला दिवसभरात जितके गिअर बदलतो तितके तुम्ही महिन्यात बदलत नसाल. लिव्हरवर वेल्डिंगचा टिपका दिसला तर तिथलं भोक कुणीतरी आधीच भरून पाडलेलं असतं. पिन भोकात घालून वळवून बघा. सुटे रॉड घेण्यापेक्षा बुडाच्या ब्रॅकेटसकट सेट मिळाला तर जास्त पैसे द्या, कारण ब्रॅकेट एकटं कधीच मिळत नाही. आणि फ्लोअर गिअरच्या पद्मिनीचं सामान कुणी "हेच बसतं" म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका. तो दांडा, ते झाकण, सगळंच वेगळं आहे.

सिडकोकर, तुमचं म्हणणं रोजच्या गाडीला लागू असेल. रविवारच्या गाडीला नाही पटत.

उपनगरची पद्मिनी

काका, शनिवारी दुपारी गाडीखाली गेले. मुलगा बॅटरी धरून होता.

दोन्ही रॉड सोडले. बॉक्सच्या लिव्हर हातानं हलवल्या. प्रत्येक गिअर स्वच्छ पडतो. इतका स्वच्छ की मी चारचारदा करून पाहिलं, कारण दोन वर्षांत असा 'टक' हाताला लागलाच नव्हता. म्हणजे बॉक्स शाबूत. मी तिथंच, गाडीखाली पडल्या पडल्या, अण्णांना ओरडून सांगितलं.

रॉड परत जोडून तिसऱ्यात मोजलं. मूठ वर-खाली ४५ मिमी हलते. हँडल २२५ मिमी. बुडाची लिव्हर ५० मिमी.

लेथवाले काका, सातपूर

शाब्बास. आता हिशोब बघा. हँडल लिव्हरच्या साडेचार पट लांब. म्हणजे बुडाशी एक मिलिमीटरचा खेळ असला की मुठीशी तो साडेचार होतो. तुमच्या मुठीशी ४५, म्हणजे बुडाशी दहा मिलिमीटरचा खेळ आहे. तीन सूत!

आता विचार करा. गिअर टाकणाऱ्या वाटेवर चार-पाच सांधे धरा. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश मिळून अर्धा मिलिमीटर झिजलाय धरा, तोही भरपूर झाला. बेरीज दोन, फार तर अडीच. मुठीशी दहा-अकरा मिलिमीटर. म्हणजे तुम्ही जगातले सगळ्यात चांगले बुश आणले असते तरी पाऊण ढिलाई तशीच राहिली असती. किट बसवूनही फरक टिकला नाही याचं कारण रबर खराब होतं एवढंच नाही. उरलेले साडेसात-आठ मिलिमीटर बुशांत नाहीतच. काहीतरी मोठं सुटलंय.

दोन जागा बघा. एक, दांड्याला बुडाशी धरणारं ब्रॅकेट. हँडल हलवल्यावर तिथं दांडा नुसता फिरायला हवा. फिरण्याऐवजी आडवा झुलत असेल तर दुखणं सापडलं. एकानं आत बसून हँडल हलवायचं, दुसऱ्यानं बॉनेटमधून बोट लावून बघायचं. डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. दुसरी जागा इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग. रबर बसलं की बॉक्स खाली येतो, दांडा बॉडीला असतो तिथंच राहतो, आणि रॉड तिरके पडतात. मग ते आपला प्रवास पुरा करत नाहीत. तुमचं हँडल खाली लोंबतं यामागं हे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

उपनगरची पद्मिनी

ब्रॅकेटच निघालं, काका.

मुलाला आत बसवलं, मी बॉनेटमधून बोट लावलं. दांडा फिरत नव्हता, अख्खा डावी-उजवीकडे जात होता. काळ्या चिखलाचा थर रॉकेलनं धुऊन काढला तर आत बुश नव्हताच. त्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वर बाइंडिंगची तार आवळलेली. ट्यूब वाळून पापड झाली होती.

तो तुकडा अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, तार उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हा पीळ माझा आहे." एका पावसाळ्यात मुंबईहून येताना कसारा घाट चढून आल्यावर गिअर सुटला होता, तेव्हा घोटीला सायकलच्या दुकानातून ट्यूब घेऊन त्यांनी रस्त्याकडेला हे बांधलं होतं. नाशकात पोचल्यावर नीट करू म्हणाले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. मला आठवतंय, मी आणि आई मागच्या टपरीत भजी खात होतो आणि अण्णा भिजत बॉनेटमध्ये वाकलेले. म्हणजे ती ट्यूब पंचवीस वर्षांहून जास्त टिकली.

माउंटिंगही बसलेलं आहे. गिअरबॉक्सखालचं रबर एका बाजूला चिरलंय. ते मात्र द्वारकेलाच मिळालं, पहिल्याच दुकानात.

आता बुश कशाचा करू? पितळेचा, म्हणजे पुन्हा बघायला नको?

लेथवाले काका, सातपूर

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

बुशाचं सांगतो. सगळीकडे पितळ हा मोह टाळा. इंजिन आपल्या रबरावर डुलत असतं आणि स्टिअरिंगचा दांडा बॉडीला घट्ट असतो. या दोघांना जोडणारे रॉड कुठंतरी लवचीक असायलाच हवेत. दोन्ही टोकांना कडक धातू बसवला की इंजिनाची प्रत्येक थरथर हँडलवर येते, मूठ खुळखुळते, आणि खड्ड्यात इंजिन हललं की गिअर बाहेर ओढला जातो. म्हणून जिथं दांडा नुसता फिरतो, म्हणजे बुडाच्या ब्रॅकेटमध्ये आणि वरच्या आधारात, तिथं फॉस्फर ब्राँझ. जिथं रॉडचं टोक लिव्हरला जोडतं, तिथं डेलरिन, म्हणजे एक टणक प्लॅस्टिक. नायलॉन घेऊ नका. नायलॉन ओल शोषून फुगतं, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात घट्ट मापाचा बुश जाम होतो. डेलरिन तसा फुगत नाही आणि धातूपेक्षा थोडा दबतो.

किटमधलं रबर का विरघळलं? त्यावर ग्रीस मारलं असणार. साधं रबर खनिज तेलाच्या ग्रीसनं फुगतं. रबराला ग्रीस लागूच द्यायचं नाही. ब्राँझला लावायचं, डेलरिनला अगदी पुसटसं.

आधी पिना बघा. जुनी पिन ठेवून नवा बुश टाकणं म्हणजे निम्मं काम. पिनेचा न झिजलेला भाग आणि झिजलेला भाग व्हर्निअरनं मोजा. एक-दशांश मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पिन बदला. लिव्हरचं भोक लंबगोल झालं असेल तर वेल्डनं भरून पुन्हा पाडायचं. पाडताना जुन्या भोकाचा मध्य हलता कामा नये. मध्य दोन मिलिमीटर सरकला की सगळं गणित बदलतं. आणि पिनेची नवी ढिलाई पाच-शतांश ते एक-दशांश मिलिमीटर ठेवा. स्वतःच्या वजनानं पिन हळूच खाली सरकली पाहिजे, पडली नाही पाहिजे.

लेथवर काम करून घ्यायला सातपूर-अंबडला छोटे शेड भरपूर आहेत. नमुना न्या, कागदावर मापं काढून न्या. नुसतं "असाच करा" म्हटलं तर झिजलेल्या बुशासारखाच झिजलेला बुश करून देतील.

बसवताना. बॅटरीची निगेटिव्ह काढा, हॉर्नची वायर स्टिअरिंगमधूनच जाते. रॉड काढण्याआधी चेकनटच्या (रॉडची लांबी पक्की धरणाऱ्या नटाच्या) पुढं किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवा, चुकलं तर परतायला जागा राहते. हँडलची पिन ठोकून काढताना पलीकडून लाकडाच्या ठोकळ्याचा आधार द्या, ओतीव ब्रॅकेट एका घावात तडकतं. माउंटिंग आधी, लिंकेज नंतर. जुन्या माउंटिंगवर रॉड जुळवून मग माउंटिंग बदललं तर पुन्हा पहिल्यापासून.

जुळवणी सोपी आहे पण क्रम सोडायचा नाही. बॉक्स न्यूट्रलला. हँडल तुम्हाला जिथं उभं राहायला हवं तिथं सुतळीनं बांधा. मग रॉडचं टोक फिरवत लांबी अशी करा की पिन बोटानं आत गेली पाहिजे. ढकलावी लागली तर लांबी चुकली. आधी गिअर टाकणारा रॉड, मग सिलेक्शनचा. नंतर प्रत्येक गिअर टाकून बघा: गिअर पूर्ण पडल्यावरही हँडलला थोडा प्रवास उरला पाहिजे. उरला नाही, हँडल डॅशबोर्डला किंवा गुडघ्याला टेकून थांबलं, तर गिअर अर्धाच पडतो आणि उतारावर निसटतो. तुमचा चौथा मला तसाच वाटतो. चेकनट शेवटी आवळा, आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी.

एक राहिलं. बॉक्सचं ऑइल बदलणार असाल तर डब्यावर जीएल-४ लिहिलेलं घ्या. जीएल-५ मधली रसायनं काही वेळा सिंक्रोच्या पिवळ्या धातूला खातात.

सिडकोकर

मी आधी लिहिलेलं मागं घेतो. माझ्या काकांच्या गाडीचा जुना हँडल सेट आमच्या माळ्यावर पडून आहे, ब्रॅकेटसकट. ताई, हवा असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. तिथं पडून काय उपयोग.

उपनगरची पद्मिनी

सिडकोकर दादा, तुमचा सेट खरंच उपयोगी पडला. आमच्या लिव्हरचं भोक भरावं लागलं असतं, तुमच्यातली लिव्हर जवळपास न झिजलेली निघाली. ब्रॅकेटही तेच वापरलं. अण्णांनी बेसनाचे लाडू पाठवले होते ते मिळाले असतीलच.

लिहायला उशीर झाला कारण काम तीन रविवार चाललं. पहिला रविवार नुसता धुण्यात आणि मोजण्यात गेला. चार पिनांपैकी तीन गेलेल्या, एक तर मधे कंबर बारीक झाल्यासारखी. अंबडच्या एका शेडमध्ये दोन ब्राँझचे आणि चार डेलरिनचे बुश करून घेतले. तिथल्या मुलानं कागद बघून विचारलं, "मॅडम, ड्रॉइंग कुणी काढलं?" मी काढलं म्हटल्यावर त्यानं मापं पुन्हा एकदा माझ्यासमोर तपासून घेतली. एक डेलरिनचा बुश मी घालताना वाकडा ठोकला आणि चिरला. मग तो उकळत्या पाण्यात टाकायची शक्कल अण्णांनी सांगितली. दुसरा दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवला, तो अंगठ्यानं दाबून बसला. काका, हे बरोबर होतं का माहीत नाही, पण बसला.

दुसऱ्या रविवारी माउंटिंग. गिअरबॉक्सखाली जॅकवर लाकडी फळी ठेवून तो जेमतेम एक सूत उचलला, तोवर रॉडचा तिरकेपणा डोळ्यांदेखत सरळ झाला. तेव्हा तुमचं "माउंटिंग आधी" कळलं.

तिसऱ्या रविवारी जुळवणी. हँडल कुठं उभं राहायला हवं हे अण्णांना विचारलं. ते ड्रायव्हर सीटवर बसले, डोळे मिटले, आणि डावा हात जिथं आपोआप गेला तिथं म्हणाले, "इथं." मी तिथंच सुतळी बांधली. गिअरचा रॉड अडीच आटे बाहेर काढल्यावर पिन बोटानं गेली.

तिसऱ्या गिअरात आता मूठ ८ मिमी हलते. ४५ ची ८. काल घोटीपर्यंत जाऊन आलो, तिघंही पुढं. उतारावर मी चौथ्यावरून हात काढला, मुद्दाम, आणि तो जागचा हलला नाही. अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी हात लांब करून मूठ एकदा बोटांनी हलवून पाहिली आणि परत मांडीवर ठेवला.

एक त्रास उरलाय. रिव्हर्स दोनदा प्रयत्न केल्याशिवाय पडत नाही. बाकी सगळे पहिल्या फटक्यात. कुठं चुकलं?

लेथवाले काका, सातपूर

बुश गरम पाण्यात टाकला ते बरोबर केलंत, अण्णांचा हात जाणता आहे.

आठ मिलिमीटर म्हणजे उत्तम, त्याहून कमी करायला जाऊ नका. रिव्हर्सचं बोट सगळ्यात शेवटच्या खाचेत जातं, तिथपर्यंत सिलेक्शनच्या रॉडचा प्रवास किंचित अपुरा पडतोय. चेकनट सोडा, टोक अर्धा आटा आत घ्या, पुन्हा बघा. रिव्हर्स पडला पण पहिल्याला जाताना रिव्हर्सच लागायला लागला, तर जास्त झालं, पाव आटा परत काढा.

उपनगरची पद्मिनी

अर्धा आटा आत घेतला. रिव्हर्स पडतोय, पहिलाही वेगळा लागतोय. चेकनट आवळला, नवी स्प्लिट पिन टाकली. सगळ्या पिना-बुशांची मापं आणि ड्रॉइंग वहीत नीट उतरवलंय. कुणाच्या हँडल गिअरच्या पद्मिनीला लागली तर इथंच विचारा, मी लिहून देईन.